वांग्याची गाय

हिसाए मोमोसे ही बाई मुळातच घाबरट. विजेला घाबरायची, टेलिफोनला घाबरायची, पोस्टमनने घंटा जरा जोरात वाजवली तरी तिच्या छातीत धडधडायचं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म भाज्या चिरल्या, पण गॅस बंद केलाय ना, हे पाहायला अर्ध्या वाटेवरून परत आली नाही असा आठवडा गेला नाही. तिचा नवरा तात्सुओ म्हणायचा, "आमच्या घरात भीतीचं खातं हिसाएकडे आहे, मला घाबरायला वेळच मिळत नाही." फोन तो घ्यायचा, साप तो हाकलायचा, डॉक्टरशी तो बोलायचा. मग यंदाच्या फेब्रुवारीत अंगणातला बर्फ ओढता ओढता तो फावड्यावर टेकला आणि तसाच खाली बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून बाकीची सगळी खातीही हिसाएच्या गळ्यात पडली.

आज तेरा ऑगस्ट, पितर घरी यायचा दिवस. मात्सुमोतो शहराच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या गावात ओबोनच्या या चार दिवसांत दुकानंसुद्धा निम्मी बंद असतात. त्यातून तात्सुओचं हे पहिलं ओबोन. पहिल्या वर्षी माणूस नवखा असतो, म्हणून दारात पांढरा कंदील टांगतात आणि संध्याकाळी उंबऱ्यापाशी भूर्जाची साल पेटवतात, त्या धुराच्या खुणेने तो घर शोधत येतो. यायला काड्यांचे पाय खोचलेला काकडीचा घोडा, कारण येताना घाई असते. सोळा तारखेला परत जायला वांग्याची गाय, कारण जाताना पाय निघत नाही.

घोडा आणि गाय दोन्ही घरच्या बागेतले हवेत, असं हिसाएने मनाशी ठरवलं होतं. ऊन चढायच्या आत ती टोपी बांधून बागेत उतरली, आणि तिच्या मागे गोमा आणि किनाको. ही दोन मांजरं गेल्या शरदात तात्सुओला वांग्याच्या वाळक्या झाडांत सापडली होती, दोन्ही मिळून एका हातमोज्यात मावतील एवढी. ठिपकेदार बोका म्हणून तो गोमा, म्हणजे तीळ, आणि भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाच्या रंगाची ती किनाको. नावं तात्सुओने ठेवली होती, आणि तात्सुओला खाण्यापलीकडे काही सुचत नसे.

गोमा काकडीच्या जाळीखाली दबा धरून बसला. किनाको लोंबणाऱ्या काकडीला पंजा मारायची, काकडी झुलायची, की गोमा झेप घ्यायचा आणि दोघं मिळून भेंडीच्या वाफ्यात कोलमडायची. हिसाएने पाण्याची नळी सोडली, तर किनाको पाण्याच्या धारेलाच चावायला धावली. "अगं बाई, भिजशील!" हिसाए हसली. पण हसताना तिचा एक डोळा आभाळात घिरट्या घालणाऱ्या घारीवर होता आणि दुसरा कुंपणापलीकडच्या पाटावर. डोंगरातून येणारं ते पाणी उन्हाळ्यातही फेसाळत धावायचं. मांजर त्यात पडलं तर खालच्या भातखाचरापर्यंत सापडायचं नाही. हा विचार ती रोज सकाळी एकदा करायचीच.

काकडी तिने वाकडीच निवडली, घोड्याची मान दिसावी म्हणून. वांगं मात्र शोधून शोधून सगळ्यात मोठं घेतलं, चांगलं जाडजूड, पाठ रुंद. ते हातात तोलताना तिच्या मनात आलं, यावर दोघं बसतील. म्हणजे जाताना ते पुढे, मी मागे. कोण नाही म्हणणार आहे? मूलबाळ नाही, अडकून राहण्यासारखं काही नाही. विचार इतका सहज आला की तीच दचकली. तिने इकडेतिकडे पाहिलं, वांगं टोपलीत ठेवलं आणि वर दोन टोमॅटो रचले.

तेवढ्यात फाटकाशी छोटा पांढरा ट्रक करकचून थांबला. तात्सुओची थोरली बहीण सुमिए. वय ऐंशीच्या घरात, ट्रक स्वतः चालवायची आणि रस्ता वडिलोपार्जित असल्यासारखा चालवायची. तिच्या हातात कागदात गुंडाळलेला भला मोठा गुच्छ होता. कागद बाजूला झाला आणि हिसाए एक पाऊल मागे सरली. पांढऱ्या लिली. प्रत्येक फुलातून केशरी परागाचे तुरे बाहेर डोकावत होते.

"बघत काय राहिलीस? धर," सुमिए म्हणाली. "तुझ्या बागेतल्या तर गेल्या सगळ्या. एवढा सुंदर वाफा होता, काय केलंत देव जाणे. म्हटलं, भावाच्या पहिल्या ओबोनला तरी त्याच्यासमोर लिली असू दे."

आता बोल, हिसाए स्वतःला म्हणाली. वाफा गेला नव्हता, तात्सुओने उपटला होता. मांजरांना लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, की लिलीचं पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराला विष; मूत्रपिंडं जातात. त्याच दिवशी तात्सुओने एकूण एक कंद खणून काढला. पण ते कंद, हे घर बांधलं तेव्हा, याच सुमिएने दिलेले होते. शिवाय पहिल्या ओबोनला पितरांसाठी आणलेलं फूल दारातून परत पाठवायचं, असं या गावात कोणी केलं नव्हतं.

"फार सुंदर आहेत, वन्सं," हिसाए म्हणाली. "त्यांना आवडतील."

"आवडतीलच. संध्याकाळी येते साल पेटवायला. फोटोच्या उजव्या बाजूला ठेव, डावीकडे खांबाआड झाकली जातील." आणि ट्रक धूळ उडवत गेला.

आता ही बाई संध्याकाळी येऊन आधी उजव्या बाजूला बघणार. फुलं लपवायची सोय नाही, फेकायची तर नाहीच. हिसाएने गुच्छ फुलदाणीत घातला, मागच्या खोलीत नेला आणि देव्हाऱ्याशी तात्सुओच्या फोटोच्या उजवीकडे ठेवला. पितरांसाठी मांडलेल्या चौरंगावर पांढरं कापड होतं, ते जमिनीपर्यंत लोळत होतं. मग बाहेर येऊन तिने सरकतं दार ओढून घेतलं. ओबोनला ती खोली बंद ठेवू नये, हे तिला माहीत होतं. "अहो, रागावू नका," ती दाराला म्हणाली, "संध्याकाळपर्यंतच." दार घट्ट बसलंय ना, हे तिने गॅस तपासावा तसं तीनतीनदा तपासलं आणि जरा निवांत होऊन पुन्हा बागेत गेली.

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं ते हे, की गोमा एकटाच खेळतोय. वांग्याचं पान उडवत होता, पण त्याच्यावर झेप घ्यायला कोणी नव्हतं.

"किनाको?"

जाळीखाली नाही. भेंडीत नाही. झोपायची तिची जागा, व्हरांड्यातली गादी, रिकामी. हिसाएने वाळवलेल्या छोट्या माशांचा डबा खुळखुळवला. एरवी या आवाजाला दोघं पायांत येऊन धडपडायची. गोमा आला, किनाको नाही आली. ती पाटाकडे धावली. पाणी फेसाळत चाललं होतं. एक पिवळसर काहीतरी वाहत गेलं आणि तिच्या तोंडून किंकाळी निघाली, पण ते बांबूचं पान होतं. पाटाच्या कडेने ती खाली वळणापर्यंत गेली, जाळीत अडकलेला कचरा काठीने उपसला. शेजाऱ्याने मांजरं येऊ नयेत म्हणून भिंतीलगत पाण्याच्या बाटल्यांची रांग लावली होती. त्या रांगेमागे, त्याच्या लाकडांच्या ढिगात, मोटार ठेवायच्या छपराखाली, सगळीकडे ती वाकून वाकून हाका मारत फिरली. ऊन डोक्यावर आलं. टोपी कुठे पडली ते कळलं नाही. मोठ्या रस्त्यावरून एक लॉरी गेली आणि हिसाए डोळे मिटून तिथेच उभी राहिली.

शेवटी पाणी प्यायला म्हणून ती घरात आली. घरात शांतता होती. आणि त्या शांततेत मागच्या खोलीच्या दारावर आतून नखं ओढल्याचा आवाज आला. खर्र. खर्र. मग बारीकसं म्यांव.

हिसाएला सगळं एकदम कळलं. ती फुलदाणी घेऊन आत गेली तेव्हा किनाको तिच्या पायांतून आत शिरली होती, त्या लोळणाऱ्या कापडाखाली. आणि तिने दार लावलं होतं. तीनदा तपासून.

दार सरकताच किनाको शेपटी ताठ करून खुशीत बाहेर आली. नाकावर, मिशांवर, कपाळावर हळद माखल्यासारखा पराग. चटईवर दोन फुलं लोळवलेली, आणि एक पान अर्धं. उरलेलं अर्धं कुठेच नव्हतं.

हिसाएने तिला तशीच उचलली, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, पंजे पुसले, ती चाटायला बघे तशी जीभ अडवून पुसलं. मग फोनपाशी आली. दवाखान्याच्या नंबरवर यंत्र बोललं, ओबोननिमित्त सोळा तारखेपर्यंत बंद. हिसाएला गाडी येत नव्हती. टॅक्सी करून जायचं तरी कुठे? तिला दुसरा एकच नंबर पाठ होता. तो फिरवताना तिचं बोट दोनदा चुकलं.

"हॅलो! कोण? हिसाए? काय गं, आवाज का असा?"

"वन्सं, ती फुलं..."

"काय झालं? सुकली इतक्यात?"

"विषारी असतात. मांजरांना. किनाकोने खाल्लंय. मला माहीत होतं, वन्सं. सकाळी तुम्हाला बोलले नाही."

पलीकडे किल्ल्या खुळखुळल्या. मग सुमिए म्हणाली, "आलेच."

ट्रकमध्ये हिसाए मांजराची पेटी मांडीवर घट्ट धरून बसली होती. आत किनाकोला एकदा उलटी झाली. "वन्सं, ती मरते की काय हो," हिसाए रडत म्हणाली.

"भांडण पोचल्यावर करू, रडणं त्याच्यानंतर," सुमिएने गिअर खाडकन बदलला. "पेटी धर."

दवाखान्याला कुलूप, काचेवर चिठ्ठी. वरच्या मजल्यावर डॉक्टरांचं घर, तेही बंद. हिसाए पायरीवरच बसली. सुमिएने मात्र तिला दंडाला धरून उठवलं. "अगं, आज तेरा तारीख. आज माणूस घरी कशाला सापडेल? चल, थडग्यांशी."

देवळामागच्या उतारावर अख्खं गाव लोटलं होतं. प्रत्येक घराणं आपापल्या दगडावर पाणी घालत होतं, उदबत्त्यांचा धूर दाटला होता, सगळे हळू आवाजात बोलत होते. सुमिएने त्या सगळ्यांच्या मधोमध उभं राहून हाक मारली, "ओगिहारा डॉक्टर! अहो, ओगिहारा डॉक्टर!" गावाने माना वळवल्या. एरवी हिसाए लाजेनेच मेली असती. आज तिने पेटी डोक्याच्या वर उचलून धरली आणि तीही ओरडली, "डॉक्टर! लिली खाल्ली हो!"

वरच्या रांगेत एका माणसाने हातातली पळी आपल्या आईकडे दिली आणि तो पायऱ्यांवरून धावत खाली आला.

"किती वेळ झाला?"

"तासभर... जास्तच असेल. मी बाहेर शोधत होते. मीच तिला आत कोंडलं, डॉक्टर."

"पण तुमच्याकडे लिली आली कुठून?" ट्रकच्या मागच्या हौद्यात चढता चढता डॉक्टर म्हणाले. "तुमच्या यजमानांनी तर मी सांगितल्याबरोबर सगळे कंद उपटले होते. बहिणीने दिलेले होते, फार वाईट वाटलं म्हणाले, पण उपटले."

सुमिए गाडीच्या दाराला हात लावून उभी होती. तिने ऐकलं. ती आत बसली आणि या खेपेला तिने ट्रक हळू, खड्डे चुकवत चालवला.

डॉक्टरांनी किनाकोला ओकायला लावलं, काळं औषध पाजलं, पुढच्या पायाचे केस कापून सुई लावली. सलाइन थेंब थेंब चालू झालं. टेबलावर ती एवढीशी दिसत होती. "पराग पुसलात ते फार बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. "पण आज काहीच सांगता येणार नाही. मूत्रपिंडं तग धरतात की नाही, ते दोन-तीन दिवसांनी कळतं. तिला इथेच राहू दे. सोळा तारखेला फोन करतो."

सोळा तारीख. पितर परत निघायचा दिवस.

बाहेरच्या बाकावर दोघी नणंद-भावजय बसल्या. मग सुमिए म्हणाली, "गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला वाफा रिकामा बघितला. वाटलं, तात्सुओला माझं दिलेलं नकोसं झालंय. विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मग तो गेलाच. म्हणून आज मुद्दाम लिली आणली."

"मी सकाळी बोलायला हवं होतं."

"बोलायला हवंच होतं! तोंड आहे ना तुला? मी काय खाऊन टाकते माणसाला?"

"हो," हिसाए म्हणाली. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिने तोंडावर हात ठेवला. सुमिए तिच्याकडे बघत राहिली, आणि तिला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

संध्याकाळी मागच्या खोलीत लिली नव्हत्या. सुमिएने स्वतः त्या गुंडाळून ट्रकमध्ये टाकल्या, चटई पुसली, आणि उजव्या बाजूला बागेतली झेंडूची फुलं ठेवली. पांढरा कंदील लागला. काकडीचा घोडा काड्यांच्या चार पायांवर उभा राहिला, त्याच्या शेजारी ती मोठी, रुंद पाठीची गाय. गोमा खोलीखोलीत किनाकोला शोधत होता आणि मध्येच थांबून कान टवकारत होता. दारोदारी साली पेटल्या होत्या, गल्लीभर धुराचा गोडसर वास होता. मोमोसेंच्या उंबऱ्याशी मात्र साल तशीच पडली होती आणि हिसाए हातात काडेपेटी घेऊन बसली होती.

"पेटव ना," सुमिए म्हणाली.

"नाही पेटवली तर?"

"म्हणजे?"

"पेटवली नाही तर ते येणार नाहीत. आलेच नाहीत, तर कोणाला नेणारही नाहीत." हिसाएने काडेपेटी मुठीत आवळली. "फार लाडकी होती हो त्यांची. सारखी मांडीवर असायची. तिकडे एकटे असतील, त्यांना वाटेल, हिला घेऊन जावं. आणि निघायचा दिवस सोळाच. डॉक्टरांचाही सोळाच. मला भीती वाटते, वन्सं. आपल्याच माणसाची भीती वाटते."

सुमिए हसली नाही. गुडघे धरत ती तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकली. "आणि त्याला वाट सापडली नाही तर? सगळ्यांच्या दारी धूर, याच्याच दारी नाही. पहिलंच वर्ष त्याचं. कुठे फिरेल तो रात्रभर?"

हिसाएने हा विचार केला नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे तात्सुओ आला, बर्फातल्या त्या रबरी बुटांत, दुसऱ्यांच्या दारांत डोकावणारा. तिने काडी ओढली. साल चरचरत पेटली. काळा धूर वर गेला. "अहो, या," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

आग विझल्यावर ती उठून आत गेली आणि देव्हाऱ्यापुढची गाय उचलून आणली. चारही पाय ओढून काढले. मग अंधारातच बागेत जाऊन चाचपडत झाडावरचं सगळ्यात लहान वांगं तोडून आणलं, अंगठ्याएवढं, अजून टोकाला वाळकं फूल चिकटलेलं. त्याला काड्या बसेनात, म्हणून तिने काड्या मोडून आखूड केल्या.

"हे एवढंसं?" सुमिएने विचारलं.

"एकालाच जायचंय. दुसऱ्या कोणाला जागा नको."

"ते मोठं काय वाईट होतं मग?"

हिसाए काड्या खोचत राहिली. "त्यावर दोघं बसली असती. म्हणूनच तोडलं होतं सकाळी."

"सकाळी? सकाळी तर मांजर चांगलं..." सुमिए बोलता बोलता थांबली. हिसाएची मान खाली होती. सुमिएने हात पुढे करून भोकं पडलेलं ते मोठं वांगं हिसाएच्या मांडीवरून घेतलं.

"मिसो आहे का घरात?" ती म्हणाली. "भाजते हे. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

त्या रात्री दोघींनी ते वांगं मिसो लावून, भाताबरोबर संपवलं. सुमिए घरी गेली नाही. पुढचे दोन दिवस तिथेच राहिली, गोमाला बागेतल्या काकड्यांवरून ओरडत.

सोळा तारखेला सकाळी फोन वाजला. सुमिए उठायला लागली, पण हिसाए तिच्या आधी पोचली. "हो," ती म्हणाली. "हो. हो." मग फोन कानाला तसाच धरून ती जमिनीवर बसली. मूत्रपिंडांनी तग धरला होता. सकाळी किनाकोने खाल्लं होतं आणि डॉक्टरांच्या बोटाला चावलीही होती.

दुपारी ती घरी आली, एक पाय भादरलेली. गोमाने तिला हुंगलं, दवाखान्याचा वास न आवडून फिस्कारला, आणि थोड्याच वेळात दोघांनी गादीवर हाणामारी सुरू केली. सुमिए देव्हाऱ्यापुढच्या त्या इवल्याशा गाईकडे पाहत म्हणाली, "आता तरी बदल की. बिचारा एवढ्याशा वांग्यावर लटकत जाणार. हसतील त्याला तिकडे."

"हसू देत," हिसाए म्हणाली.

संध्याकाळी निरोपाची साल पेटवण्याआधी तिने दोन्ही मांजरांना स्वयंपाकघरात घातलं, टेबलाखाली वाकून दोघं आत आहेत ना ते नीट पाहिलं, आणि मगच दार लावलं. साल पेटवून ती मागे आली आणि त्या दाराला पाठ लावून उभी राहिली. उघड्या पुढच्या दारातून धूर दिसत होता. आतून दोघं मिळून दार ओरबाडत होती. हिसाएने पाठ आणखी घट्ट टेकली.

"अहो, जपून जा," ती म्हणाली. "आम्ही येत नाही."

शेवटचा धूर विरेपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग दार उघडलं.